तेते प्रांतातील सहा जणांचा गट: सात दिवसांची नोंद

पहिला दिवस: ब्लँटायर

मोझांबिकच्या तेते प्रांतात जाण्यासाठी मलावीतील ब्लँटायर येथे उतरून पुढचा प्रवास रस्त्याने करणे आम्हाला सोयीचे होते. 2025 च्या जुलै महिन्यात आम्ही तिघे तेथे पोहोचलो: एक डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि समुपदेशक म्हणून मी. एचआयव्हीचा उपचार घेणाऱ्या लोकांनी एकमेकांसाठी दवाखान्यातून औषधे आणण्याची जी पद्धत 2008 साली तेतेमध्ये सुरू झाली, ती तिच्या मूळ ठिकाणी पाहावी, एवढाच आमचा हेतू होता. पोर्तुगीज भाषेत या गटांचे नाव बरेच लांब आहे. ‘उपचार नियमित ठेवण्यासाठी सामुदायिक आधार देणारा गट’ असा त्याचा अर्थ होतो. बोलताना मात्र सगळे आद्याक्षरे जोडून ‘गाक’ एवढेच म्हणतात.

माझ्यापुरते या प्रवासाला आणखी एक कारण होते आणि ते आधीच सांगून टाकते. मी ज्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात बसते, तेथील नोंदवहीत ‘संपर्क होत नाही’ असा एक शेरा असतो. काही वर्षांपूर्वी चार वर्षे न चुकता येणाऱ्या एका तरुणाच्या नावापुढे मी तो शेरा लिहिला. मी दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा तो बंद लागला. पुढे तीन महिन्यांनी त्याच्या चुलत्याकडून कळले की तो गेला. औषध संपल्यापासून मृत्यूपर्यंतच्या त्या काळात तो कोठे होता आणि कोणाशी बोलत होता, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. त्याच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या माणसाला तरी ते माहीत असायला हवे होते, ही बोचणी घेऊनच मी निघाले होते.

दुसरा दिवस: झोबुएमार्गे तेते

सकाळी लवकर निघून आम्ही मलावीच्या हद्दीतले म्वान्झा ओलांडले आणि झोबुए येथे मोझांबिकमध्ये शिरलो. मलावी, मोझांबिक आणि झिंबाब्वे यांना जोडणारा हा मालवाहतुकीचा रस्ता असल्यामुळे सीमेवर ट्रकांची लांबच लांब रांग होती. याच रस्त्याने एकेकाळी लाखो माणसे उलट दिशेने चालत गेली होती. 1975 साली स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनच वर्षांत या देशात यादवी युद्ध सुरू झाले आणि ते 1992 पर्यंत चालले. त्या काळात दहा लाखांहून अधिक मोझांबिकवासीयांनी मलावीत आश्रय घेतला होता. खेड्यांतील दवाखाने जाळले गेले, परिचारिका पळून गेल्या किंवा मारल्या गेल्या. येथे आरोग्य केंद्रे इतकी विरळ का आहेत, हा प्रश्न पडला की उत्तरासाठी त्या सोळा वर्षांपर्यंत मागे जावे लागते.

मोआतीझेच्या कोळशाच्या खाणी दिसू लागल्या तसा रस्ता काळसर झाला. मोआतीझे आणि तेते यांच्या मधून रेवुबुए नदी वाहते. 2022 च्या जानेवारीत ‘आना’ या वादळाच्या पुराने तिच्यावरच्या पुलाचे मोठे नुकसान केले होते. प्रांताच्या मुख्य शहराजवळ ही गत, तर आडगावच्या नाल्यापलीकडे राहणाऱ्या माणसाने पावसाळ्यात औषधासाठी काय करावे, असा विचार मनात घोळत असतानाच झांबेझी नदी दिसली. पात्र रुंद होते, पाणी संथ वाहत होते आणि संध्याकाळच्या उजेडात ते तांबूस दिसत होते.

तिसरा दिवस: तेते शहर

आजचा दिवस ऐकण्यात गेला. गटांच्या कामात सुरुवातीपासून असलेल्या एका ज्येष्ठ परिचारिकेने आम्हाला तीन तास दिले. सगळे तिला आदराने ‘मामा’, म्हणजे आई, म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हटले.

त्या काळी औषध दर महिन्याला मिळत असे. गोळी एकच असली तरी ती दिवसातून दोनदा घ्यावी लागे आणि स्टॅव्ह्युडिनसारख्या औषधामुळे पायांची आग होई. तरीही लोक गोळीला कंटाळून उपचार सोडत नव्हते. ते वाटेला कंटाळत होते. जाण्यायेण्यात एक-दोन दिवस जात, गाडीभाडे परवडत नसे, दवाखान्यात पोहोचल्यावर रांगेत आणखी एक दिवस जाई, आणि जो ठणठणीत आहे त्यालाही केवळ बाटली घेण्यासाठी हे सारे करावे लागे. ‘मेदेसाँ साँ फ्राँतियेर’ ही वैद्यकीय संस्था आणि प्रांताचा आरोग्य विभाग यांनी 2008 च्या फेब्रुवारीत तोडगा काढला, तो असा: प्रकृती स्थिर असलेल्या जास्तीत जास्त सहा जणांनी एक गट करावा, दर महिन्याला त्यांच्यातील एकाने दवाखान्यात जावे, स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि सर्वांची औषधे घेऊन यावे. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी.

या रचनेतला हिशोब मला फार आवडला. माणसे सहा आणि महिने सहा. म्हणजे प्रत्येकाला वर्षातून दोनदाच प्रवास घडतो आणि सहा महिन्यांतून एकदा होणारी वैद्यकीय तपासणीही आपोआप साधते. कोणी मुद्दाम आठवण करून देण्याची गरज उरत नाही.

2010 च्या मे महिन्यापर्यंत असे 291 गट झाले होते आणि त्यांत 1,384 जण सामील झाले होते. दुसरीकडे बदलून गेलेले 83 जण वगळता उरलेल्या 1,301 पैकी 1,269 जण, म्हणजे 97.5 टक्के, उपचारावर टिकून होते. 30 जण दगावले होते आणि ठावठिकाणा न लागलेले केवळ दोन होते. हा दोनचा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. पुढे 5,729 सदस्यांचा चार वर्षांचा अभ्यास झाला, त्यात चौथ्या वर्षाअखेर 91.8 टक्के सदस्य उपचारावर होते.

आमच्या डॉक्टरांनी येथे रास्त शंका काढली. गटात घेतले जात होते ते किमान सहा महिने उपचार पचवलेले, तब्येत सावरलेले आणि स्वतःहून पुढे आलेले लोक. ते टिकणारच, मग श्रेय गटाला किती द्यायचे? मामांना या प्रश्नाचा राग आला नाही. त्या म्हणाल्या की पहिल्या सहा महिन्यांत गेलेली माणसे या आकड्यांत नाहीत, हे खरे आहे आणि ते विसरू नये. मात्र तब्येत सावरलेली माणसेही पूर्वी उपचारातून निसटत होती, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. मला दोघांचेही म्हणणे पटले. गट हा आजारी माणसाला बरे करण्याचा उपाय नाही. बऱ्या झालेल्या माणसाला बरे राहता यावे, यासाठीची ती सोय आहे.

चौथा दिवस: शांगाराकडे

तेतेहून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर शांगारा लागते. तेथे रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट झिंबाब्वेच्या सीमेकडे जाते आणि दुसरी शिमोयोकडे. दोन्ही बाजूंना पाने गळालेली गोरखचिंचेची प्रचंड झाडे उभी होती. नद्यांच्या पात्रात नुसती वाळू होती आणि त्या वाळूत खड्डे खणून बाया पाणी भरत होत्या. आम्ही ज्या आरोग्य केंद्रात गेलो ते मुख्य रस्ता सोडून बरेच आत आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण ते लिहिले तर गावही ओळखू येईल, आणि गटातील मंडळींनी आम्हाला भेट दिली ती याच अटीवर.

केंद्रात दोन परिचारिका, एक औषधवाटप करणारा कर्मचारी आणि एक रिकामी खुर्ची होती. ही खुर्ची गटांची बैठक घेणाऱ्या, गैरहजर राहिलेल्यांच्या घरी जाणाऱ्या समुपदेशकाची. त्याचे मानधन परदेशी मदतीतून येत असे. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि या केंद्रातील त्याचे काम त्यानंतर बंद झाले. औषधे येत राहिली. ती घेतली जात आहेत की नाहीत हे पाहणारा माणूस मात्र गेला. औषध ही ‘जीवनावश्यक’ बाब ठरते आणि माणसाच्या दारापर्यंत जाऊन चौकशी करणे ही अवांतर खर्चाची बाब ठरते, याचे मला मनापासून दुःख होते. माझा स्वतःचा व्यवसायच तो आहे, म्हणून हे म्हणते असे कोणी समजू नये.

कपाटात गोळ्यांच्या पांढऱ्या बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिन्ही औषधांची मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा, 90 गोळ्यांची बाटली. आमच्या औषधनिर्मात्याने एक बाटली उचलून लेबल वळवून दाखवले. त्यावर ‘भारतात तयार केलेले’ असे लिहिले होते. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरला देऊ केला, त्याआधी त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत होते. किंमत उतरली नसती तर या गटांवर बोलण्याची वेळच आली नसती.

पाचवा दिवस: आंब्याच्या झाडाखाली

गटाची बैठक सकाळी सातला होती. गाडी बरीच अलीकडे ठेवून आम्ही पाऊण तास चालत गेलो. संस्थेचे नाव रंगवलेली गाडी दारात उभी राहिली की शेजाऱ्यांना काही सांगावे लागत नाही, हे परिचारिकेने आदल्या रात्रीच बजावले होते. तिघांपैकी एकीनेच बैठकीत बसावे असे ठरले आणि तो मान मला मिळाला.

घरामागे आंब्याचे झाड होते आणि त्याखाली एक चटई अंथरलेली होती. गटात चार स्त्रिया आणि दोन पुरुष. त्या दिवशी एक पुरुष नव्हता. गटप्रमुख बाई पन्नाशीच्या असाव्यात. कमरेला गुंडाळलेले निळे कापड, म्हणजे कापुलाना, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल. बोलणे न्युंग्वे भाषेत चालले होते. परिचारिका मला हलक्या आवाजात समजावत होती.

सर्वांनी आपापल्या बाटल्या पुढे ठेवल्या. गटप्रमुख बाईंनी एक जर्मनचे ताट घेतले, कापुलानाच्या टोकाने पुसले आणि पहिल्या बाटलीतील गोळ्या त्यात ओतल्या. मोजताना त्या तर्जनीने पाच-पाच गोळ्या ताटाच्या कडेला सारत. बाटली ज्याची, त्याने शेजारी बसून मोठ्याने मोजायचे, असा रिवाज. एका बाईच्या गोळ्या हिशोबापेक्षा चार जास्त निघाल्या. कोणी काही बोलले नाही. मग तिनेच सांगितले की बहिणीच्या घरी मयतीला गेली होती, बाटली सोबत नेली असती तर सगळ्यांसमोर काढावी लागली असती. तिच्या शेजारच्या बाईने आपल्या कमरेची गाठ सोडून आत बांधलेली एक छोटी कापडी पुरचुंडी दाखवली. परगावी जाताना ती लागतील तेवढ्या गोळ्या त्यात बांधून नेते. आमच्या केंद्रात मी हा प्रसंग हाताळला असता, तर औषध न चुकवण्याचे महत्त्व पुन्हा एकदा समजावून सांगितले असते. त्या बाईला ते महत्त्व माझ्याइतकेच माहीत होते, तिला पुरचुंडीची युक्ती हवी होती.

त्यानंतर चार प्रश्न प्रत्येकाला विचारले गेले: खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम सुटतो का, वजन उतरले का. क्षयरोग लवकर हेरण्यासाठीचे हे नेहमीचे प्रश्न. उत्तरे गटाच्या कार्डावर उतरवली गेली. हे कार्ड म्हणजे जाड कागदाचा आडवा तक्ता. डावीकडे सहा नावे, पुढे प्रत्येक भेटीची तारीख, उरलेल्या गोळ्या, तक्रारी आणि शेवटी कोण दवाखान्यात गेले त्याची खूण. घडीवर ते फाटले होते आणि तेथे चिकटपट्टी लावली होती. गटप्रमुख बाईंना वाचता येत नाही. लिहिण्याचे काम गटातील सर्वांत धाकटी मुलगी करते, पण कोणती ओळ कोणाची हे बाईंना पाठ आहे आणि मुलगी चुकली तर त्या बोट ठेवून दाखवतात.

मग सहावी बाटली पुढे आली, तिचा मालक हजर नव्हता. हा तरुण कामासाठी सीमेपलीकडे झिंबाब्वेत गेला होता. त्याने कोणालाही सांगितले नव्हते, पण तिसऱ्याच दिवशी गटातील दुसऱ्या पुरुषाने त्याचे दार बंद पाहिले, आईकडे चौकशी केली आणि घरात पडलेली बाटली ताब्यात घेतली. तीत 11 गोळ्या होत्या. त्याने नव्या ठिकाणी काही व्यवस्था केली असेल का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यावर जवळजवळ अर्धा तास चर्चा झाली. एकाचे म्हणणे पडले की त्याचे नाव कार्डावरून काढावे, कारण गैरहजर माणसाचे औषध उचलले तर केंद्राचा गटावरचा विश्वास उडेल. गटप्रमुख बाई म्हणाल्या की नाव राहील, औषध मात्र उचलायचे नाही. दुसऱ्या ठिकाणी उपचार चालू ठेवता यावा म्हणून केंद्रातून त्याच्या नावाची बदलीची चिठ्ठी मागायची आणि ती सीमेवर ट्रक घेऊन जाणाऱ्या आपल्या पुतण्याकडे द्यायची. तसेच ठरले.

मी तेथे बसून मनात दिवस मोजत होते. यांना तिसऱ्या दिवशी कळले होते.

गटाला मर्यादा आहेत आणि त्या मला तेथेच दिसल्या. याच गावात उपचार घेणाऱ्या आणखी दोघी आहेत, पण त्या गटात यायला तयार नाहीत. एकीच्या नवऱ्याला तिच्या आजाराची कल्पना नाही. सहा जणांना आपले गुपित सांगणे ही या सोयीची किंमत आहे आणि ती सर्वांना परवडत नाही. गटच नाही म्हणून कोणाची औषधे अडणार नाहीत, एवढी काळजी केंद्राने घेतली पाहिजे. येथील परिचारिका त्या दोघींना गर्दी नसलेल्या वेळी बोलावते.

सहावा दिवस: दवाखान्याची पाळी

या वेळची पाळी लिहिणाऱ्या मुलीची होती. ती पहाटे साडेचारला निघाली. पहिला तासभर मी तिच्याबरोबर कोरड्या नदीच्या वाळूतून चालले, नंतर तिचा वेग मला झेपेना आणि ती पुढे गेली. तिच्या पिशवीत सहा वैयक्तिक कार्डे, गटाचे कार्ड आणि सर्वांनी मिळून काढलेले परतीचे गाडीभाडे होते. पावसाळ्यात याच पात्रात छातीइतके पाणी असते आणि तेव्हा सहापैकी ज्याला पोहता येते तोच जातो, मग पाळी कोणाचीही असो.

केंद्रात गटाच्या प्रतिनिधींसाठी वेगळी रांग होती. परिचारिकेने कार्डाची प्रत्येक ओळ तिच्याबरोबर तपासली. चार गोळ्या उरल्या तेथे ती थांबली, कारण ऐकले आणि पुरचुंडीचा उपाय ऐकून नुसती मान हलवली. मुलीचे वजन घेतले. मग बोट टोचून रक्ताचे थेंब शोषकागदावरील वर्तुळांमध्ये घेतले. हा कागद वाळवून पाकिटात घातला की बर्फाशिवाय दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो आणि त्यावरून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, कळतो.

आता औषध तीन-तीन महिन्यांचे मिळते, त्यामुळे जुना हिशोब मोडला आहे. सहा जणांच्या पाळ्या पूर्ण व्हायला दीड वर्ष लागते. म्हणून या गटाने तपासणीसाठी वर्षातून एकदा सगळ्यांनीच एकत्र येण्याचे ठरवले आहे. प्रवास इतका कमी झाल्यावर गटाची गरज उरते का, असे मी मुलीला विचारले. प्रश्न तिला नीट कळला नसावा, असे मला आधी वाटले, कारण ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितले की तिची आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि गोळ्या घ्यायचे तिने बंद केले होते. तेव्हा गटप्रमुख बाई रोज संध्याकाळी येऊन तिच्या दारात बसत, बोलत काही नसत, गोळी घेतली की उठून जात. असे किती दिवस चालले, हे तिला आठवत नव्हते.

औषधवाटपाच्या खिडकीतून पाच बाटल्या बाहेर आल्या. मुलीने प्रत्येकीवरचे नाव वाचून कार्डांशी ताडून पाहिले, पिशवीत कापडात गुंडाळून ठेवल्या म्हणजे चालताना खुळखुळणार नाहीत, आणि मग चिठ्ठी मागितली. बदलीची चिठ्ठी रुग्ण समोर नसताना द्यावी का, याबद्दल केंद्रात थोडी कुजबुज झाली. परिचारिकेने शेवटी ती लिहिली: औषधांची नावे, उपचार सुरू झाल्याची तारीख, शेवटचा व्हायरल लोड, आणि खाली सही व शिक्का. ती चिठ्ठी मुलीने बाटल्यांबरोबर ठेवली नाही. चौघडी करून कमरेच्या गाठीत बांधली.

सातवा दिवस: परत तेते

पहाटे निघालो. निरोप घेताना परिचारिका ‘एश्तामुश जुन्तुश’ म्हणाली. आपण एकत्र आहोत, असा त्याचा अर्थ, आणि या देशात निरोपाला तेच म्हणतात. गटाच्या कार्डाचा तक्ता मी वहीत उतरवून घेतला होता. नावे लिहिली नाहीत, फक्त रकाने. वाटेत डॉक्टर आणि औषधनिर्माते तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांचे औषध देण्याच्या फायद्यातोट्यांवर बोलत होते आणि मी आमच्या नोंदवहीतील ‘संपर्क होत नाही’ या शेऱ्याशेजारी ‘जवळ राहणारे कोण?’ असा एक रकाना वाढवता येईल का, याचा विचार करत होते. माझ्याकडे येणाऱ्या किती जणांना त्यात एखादे नाव लिहिता येईल, याची मनातल्या मनात मोजणी केली. अकराव्या माणसापाशी मी अडले.

फाट्यावर झिंबाब्वेकडे जाणारे ट्रक उभे होते. गटप्रमुख बाईंचा पुतण्या त्यांतल्या कोणत्या ट्रकवर होता, ते आम्हाला माहीत नव्हते. चिठ्ठी आदल्या रात्रीच त्याच्याकडे पोहोचली होती, एवढे परिचारिकेने सांगितले होते.